पाणघोड्याच्या पोटातली शिट्टी

"माल कोण विकतो ते लिहितेस, तसं तो कोण करतो तेही लिहीत जा," असं सासूबाई वर्षभरापूर्वी म्हणाल्या होत्या. वहिनीनं ते एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्या कानानं सोडून दिलं. कारण अगदी साधं होतं. तिच्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

तक्ता मात्र ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. हिरवा, पिवळा आणि लाल अशा तीन रंगांत आखलेला तो कागद कापायच्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवलेला असे. कापडाचे तीन दुकानदार, दोऱ्याचे तीन, कापसाचे तीन, खोक्यांचे तीन. हिरव्यानं दगा दिला तर पिवळा, पिवळा आडवा पडला तर लाल. कॉलेजात मालाच्या ने-आणीचाच अभ्यास करून आलेली सून घरात आल्यावर आणखी काय होणार? कारखान्यातले चौदा शिवणारे तिला वहिनी म्हणत, आणि तिच्या पाठीमागे तक्त्याला जाऊबाई म्हणत, कारण वहिनीचा सगळा वेळ तिच्याशीच जाई.

कारखाना सासूबाईंचा. एका मशीनवर सुरू झालेला, आता चौदा मशीनचा, घराच्याच तळमजल्यावर. तिथे एकच वस्तू बनत असे. कापडी पाणघोडा. निळसर, गोलमटोल, जरा रुसलेला. त्याच्या पोटात एक शिट्टी असे. पोट दाबलं की तो असा काही किंचाळे की रडतं मूल गप्प होई आणि गप्प मूल हसत सुटे. दिसायला त्याच्यापेक्षा देखणे प्राणी बाजारात ढिगानं होते, पण आवाजात याचा हात धरणारा कोणी नव्हता.

वहिनीचा स्वभाव मुळातच घाबरा, आणि मुलगी झाल्यापासून तर त्या घाबरटपणाला धार आली होती. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत तीन थर्मामीटर असत. एक चुकू शकतो म्हणून दुसरा, आणि दोघांचं भांडण झालं तर निवाडा करायला तिसरा. घरात नेलकटर सात होते, आणि सगळे इतक्या जपून ठेवलेले की तिच्या नवऱ्याची नखं सदा वाढलेली. नवरा स्वतःची गाडी चालवून लोकांचं सामान पोचवत असे. तो म्हणायचा, "माझाही एक पिवळा आणि एक लाल काढून ठेवला असशील."

"लाल आहे," ती म्हणायची. "पिवळा मिळाला नाही."

आता शिट्ट्यांचे तीन दुकानदार कसे निवडले ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे.

पूर्वी शिट्टी एकाच दुकानातून येई. त्या दुकानदारानं एकदा दुकान रंगवायला काढलं आणि चार दिवस कुलूप लावलं. ते चार दिवस वहिनी दर तासाला त्याला फोन लावत होती. मग तिनं अकरा दुकानदारांकडून नमुने मागवले आणि ते तपासायला घरातल्याच तज्ज्ञाला बसवलं. ही तज्ज्ञ म्हणजे तिची तेव्हा पाच महिन्यांची मुलगी. कापायच्या टेबलाच्या मधोमध चिंध्यांच्या ढिगात, उशीला टेकवून तिला बसवलं. मास्तरांनी, म्हणजे सगळ्यांत जुन्या शिंप्यानं, एकेक शिट्टी दाबायची. हसली तर पास, नुसती बघत राहिली तर नापास, रडली तर तो दुकानदार कायमचा बाद. त्या दिवसापासून तिचं नाव तपासणीस पडलं ते पडलंच.

अकरातल्या आठ शिट्ट्यांवर तपासणीस बाईंनी नुसती नजर टाकली. तीन पास झाल्या. मास्तरांनी इमानानं लिहून ठेवलं, "तिन्ही वेळा सारखंच हसली, तिन्ही वेळा शेवटी उचकी." वहिनीनं आनंदानं तिन्ही दुकानदार हिरव्या-पिवळ्या-लालमध्ये बसवले. सासूबाईंनी त्यातल्या दोन शिट्ट्या उचलून चष्म्याजवळ धरल्या. इवलासा रबरी फुगा, त्याला चिमुकली शिट्टी बसवलेली, तोंडाशी दोऱ्याची गाठ.

"या दोन्हींवर एकाच हाताची गाठ दिसते गं."

"आई, तीन वेगळी दुकानं आहेत. एक तर नदीपलीकडे आहे."

"दुकान नदीपलीकडे असेल. हात कुठे आहे?" असं म्हणून सासूबाई ते वरचं वाक्य बोलल्या, जे वहिनीनं वाऱ्यावर सोडलं.

तर हे झालं वर्षापूर्वीचं. आता परदेशातल्या एका मोठ्या खेळण्यांच्या दुकानाची चोवीसशे पाणघोड्यांची मागणी आली होती. शनिवारी दुपारी दोनच्या आत खोकी गोदीच्या फाटकातून आत गेली पाहिजेत, त्यानंतर जहाज कोणासाठी थांबत नाही. आधीच्या दोन खेपा उशिरा गेल्या होत्या, एकदा कापडाचा रंग चुकला म्हणून आणि एकदा वहिनीनं तो चुकला नाही ना हे तीनदा तपासलं म्हणून. या वेळी दुकानाचं पत्र फार गोड होतं, आणि गोड पत्राची वहिनीला भीतीच वाटे. त्यात लिहिलं होतं की पुन्हा उशीर झाला तर पुढच्या वर्षापासून आम्ही इतरत्र चौकशी करू. इतरत्र म्हणजे काय ते सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं होतं. "चौदातली नऊ मशीनं झाकून ठेवावी लागतील."

सोमवारी सकाळी शिट्ट्यांचा डबा उघडला तर तळाशी सतरा शिट्ट्या आणि एक मेलेलं झुरळ.

वहिनी घाबरली नाही. अशाच दिवसासाठी तर तिनं तक्ता केला होता. तिनं हिरव्याला फोन लावला. त्याला कारखान्यात हो-हो शेठ म्हणत.

"शेठ, शिट्ट्या आहेत का?"

"हो हो."

"तीन हजार पाठवाल?"

"हो हो."

"कधी पाठवाल?"

"हो हो."

तिनं पिवळ्याला लावला. हे उद्यावाले. त्यांचं उत्तर नावातच होतं. तेच त्यांनी मंगळवारी सकाळी पुन्हा दिलं, तेही अशा सुरात की सोमवार कधी उगवलाच नव्हता. राहिला लाल. हा नदीपलीकडचा, न पाहताच सगळे ज्याला टायवाला म्हणत तो. बोलणं इस्त्री केलेलं.

"मॅडम, आम्ही परिस्थितीवर बारकाईनं लक्ष ठेवून आहोत."

"परिस्थिती काय आहे पण?"

"त्याच्यावरही लक्ष ठेवून आहोत."

मंगळवारी दुपारपर्यंत तिन्ही रंग उडाले. कारखान्यातल्या फळ्यांवर चोवीसशे पाणघोडे पोटं उघडी टाकून ओळीनं उताणे पडले होते. कापूस भरून झालेला, डोळे लावून झालेले, फक्त शिट्टी घालून टाके मारायचे बाकी. सगळ्यांचे डोळे छताकडे.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "दवाखाना भरलाय. डॉक्टर कधी येणार?"

"मास्तर, चेष्टा नको."

"चेष्टा कोण करतंय. त्या कोपऱ्यातल्याकडे बघवत नाही मला."

मग नापास झालेल्या आठ शिट्ट्या पुन्हा बाहेर निघाल्या. पहिली गंजलेल्या दारासारखी वाजली. दुसरी शेळीसारखी. तिसऱ्या शिट्टीला तपासणीस, जी आता दीड वर्षाची होती आणि जिची मतं आणखी कडक झाली होती, जमिनीवर आडवी पडून रडली. "असा पाणघोडा घरी नेलेलं पोर जन्मात आंघोळ करायचं नाही," मास्तरांनी निकाल दिला. एका शिवणाऱ्या ताईनं सुचवलं की शिट्टीशिवायच पाठवून देऊ, कोणाच्या लक्षात येतंय. सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"मुका पाणघोडा म्हणजे उशी. आपण उश्या विकत नाही."

वहिनीनं पिशवी खांद्याला लावली, मुलीला कडेवर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "गाडी काढ. फोनवर जी माणसं दिसत नाहीत त्यांना डोळ्यांनी बघून येऊ."

हो-हो शेठच्या दुकानात शेठ नव्हते. गल्ल्यावरची बाई म्हणाली, "शेठ जुन्या छापखान्यामागे गेलेत. तिथला तो जिना आहे ना, तिथे."

उद्यावाल्यांच्या दुकानात उद्यावाले नव्हते. त्यांचा भाऊ म्हणाला, "दादा छापखान्याच्या मागच्या बाजूला गेलाय. जिन्यापाशी उभा असेल."

वहिनी गाडीत येऊन बसली आणि पुढच्या काचेकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात कुठेतरी एक उचकी लागली. तिन्ही वेळा सारखंच हसली.

"आता नदीपलीकडे?" नवऱ्यानं विचारलं.

"नको," ती बारीक आवाजात म्हणाली. "छापखान्यामागे."

छापखान्यामागे अरुंद बोळ होता. खाली लाँड्री, वर तीन मजले, बाहेरून लोखंडी जिना. जिन्याच्या पायथ्याशी तीन माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी होती. एक भिंतीवरची जाहिरात वाचत होता. एक लाँड्रीतल्या चादरी न्याहाळत होता. तिसऱ्यानं टाय घातला होता आणि तो परिस्थितीवर लक्ष ठेवून होता. तिघांच्या डोक्यावर, बरोबर दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेली एक टोपली दोरीला लोंबकळत होती.

वहिनीनं यांतल्या एकाचंही तोंड कधी पाहिलं नव्हतं. पण तिनं "शिट्ट्या इथूनच येतात का?" असं विचारलं आणि पहिल्यानं "हो हो" म्हटलं तेव्हा ओळख पटायला वेळ लागला नाही.

"तिघांच्याही?"

यावर तिघांनीही वर टोपलीकडे बघितलं.

हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. वर एक काका राहतात. शिट्ट्या तेच करतात, एकटे, तीस वर्षं. फोन केला की ते टोपलीतून माल खाली सोडतात आणि टोपली वर ओढून घेतात. इतक्या वर्षांत या तिघांपैकी एकालाही जिना चढायची गरज पडलेली नव्हती. आणि गेल्या आठ दिवसांत काका फोन उचलत नव्हते.

"मग वर जाऊन बघितलं नाहीत?"

"मला वाटलं, यांनीच सगळा माल आधी उचलला," उद्यावाले टायवाल्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"मला यांचा संशय होता," टायवाला हो-हो शेठकडे बघत म्हणाला.

"आणि तुम्हाला?" वहिनीनं हो-हो शेठना विचारलं.

"मला दोघांचाही," शेठ म्हणाले. हे त्यांचं त्या वर्षातलं सगळ्यांत लांब वाक्य असावं.

वहिनीनं मनाशी हिशेब केला. आठ दिवस. एकटा म्हातारा माणूस. ती मुलीला घट्ट धरून जिना चढू लागली. मागून नवरा, त्याच्यामागून तिघे, एकमेकांना पुढे जा म्हणत. पण डोळे उघडे ठेवायची सवय तिला मुलीनं लावली होती, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचताच तिच्या डोळ्यांनी कामाला सुरुवात केली. दाराच्या कडीला दुधाची रिकामी पिशवी अडकवलेली, आजच्या तारखेची. उंबऱ्याबाहेर चपला, पण धूळ नाही. दाराच्या फटीतून चहाचा वास. म्हणजे माणूस धडधाकट आहे. आतून मात्र हूं की चूं नाही. घरात लहान मूल असलेल्या बाईला या शांततेचा अर्थ पाठ असतो. एक तर झोप, नाही तर उद्योग.

तिनं दार ढकललं. ते नुसतं लोटलेलं होतं.

आत खोलीभर खोकी, खोक्यांत शिट्ट्याच शिट्ट्या. खिडकीपाशी दाराकडे पाठ करून एक गृहस्थ बसले होते आणि शांतपणे शिट्टीला गाठ मारत होते. तेवढ्यात फळीवरचा फोन ठणाणा वाजू लागला, कारण हो-हो शेठनी सवयीनं जिन्यातूनच फोन लावला होता. काकांनी मान वळवली नाही. तपासणीस आईच्या कडेवरून उतरली, खाली पडलेली एक शिट्टी तिनं दोन्ही हातांनी दाबली आणि खिदळली. उचकीसकट. काकांनी तरी मान वळवली नाही.

मग मुलीची सावली टेबलावर पडली आणि काका गर्रकन वळले. त्यांचा चेहरा असा फुलला की वहिनीला भीती विसरून कसंनुसं झालं.

"आलं का कोणी," ते मोठ्यांदा म्हणाले. "मी म्हटलं, जगच बंद पडलं की काय. आठ दिवसांत एकाचा फोन नाही हो."

फोन वाजतच होता. वहिनीनं पिशवीतून मुलीचा रंगीत खडू काढला आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "काका, फोन आत्ताही वाजतोय."

काकांनी ते वाचलं, फोनकडे बघितलं, मग टेबलावर डबीत ठेवलेल्या कानाच्या मशीनकडे बघितलं. "मग माझाच सेल संपलाय," ते म्हणाले. "वाटलंच होतं मला. पण खात्री कोणाकडून करून घेणार?"

एकंदर प्रकार असा होता. कानाच्या मशीनचा सेल संपला होता. सेल मिळायचं दुकान चार गल्ल्या पलीकडे. काकांचे गुडघे जिना उतरू देत, चढू देत नसत. उतरले तर घरी परत यायची पंचाईत, म्हणून वर्षभर ते उतरलेच नव्हते. फोन करून सेल मागवावा तर पलीकडचा काय बोलतो ते ऐकू येणार नाही. खालचा लाँड्रीवाला दूध आणि डबा दाराला लावून जाई, पण तो पहाटे येई आणि दार वाजवत नसे, झोपमोड नको म्हणून. भला माणूस. भल्या माणसांनीच घोटाळा केला होता.

"माल तर भरपूर दिसतोय," नवरा खोक्यांकडे बघत म्हणाला. वहिनीनं तेच कागदावर लिहून दाखवलं.

"तीन हजार तयार आहेत," काका म्हणाले. "पण ऐकलेल्या नाहीत. मी न ऐकलेली शिट्टी टोपलीत घालत नाही. शंभरातल्या पाच-सहा कण्हतात. कण्हणारं खेळणं पोराच्या हातात गेलं तर तोंड कोणाला दाखवू?"

वहिनीनं डोकं धरलं. चौदा मशीनं, चोवीसशे पाणघोडे, समुद्रावर जायला निघालेलं एक जहाज, आणि हे सगळं अडलंय कुठे, तर डाळीच्या दाण्याएवढ्या एका सेलापाशी. तिच्या तक्त्यात सेलाला रंग नव्हता. काकांना रंग नव्हता. ती पिशवीत हात घालून रुमाल शोधू लागली, आणि तिच्या हाताला थर्मामीटर लागला.

ती थांबली. तिनं थर्मामीटरचं मागचं टोपण नखानं उघडलं. आतला सेल तळहातावर घेतला, तपासणीस बाईंचा हात पोचणार नाही इतका उंच धरला, आणि काकांच्या मेलेल्या सेलाशेजारी ठेवून बघितला. दोघे जुळे भाऊ.

"हा खरा तापाचा आहे," तिनं लिहिलं. "किती टिकेल सांगता येत नाही. पण माझ्याकडे असे तीन आहेत."

नवऱ्यानं पिशवीकडे आदरानं बघितलं. सात नेलकटरांबद्दलही तो त्यानंतर कधी बोलला नाही.

काकांनी मशीन कानात बसवलं, खडखड केली, आणि एकदम त्यांचे डोळे मोठे झाले. फोन वाजत होता. त्यांनी लगबगीनं उठून उचलला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"हो हो," त्यांच्या पाठीमागे दारात उभे असलेले शेठ फोनमध्ये म्हणाले.

काका खाली उतरायला एका पायावर तयार होते, चढायचं कोणी तरी बघेल म्हणून. त्यांना गाडीत पुढे बसवलं, मागे तीन हजार शिट्ट्या आणि त्यांच्यात कोंबलेली बाकी मंडळी, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा असा काही वाजला की सिग्नलला शेजारच्या गाड्यांतली माणसं खिडक्या खाली करून बघायला लागली. सेलाच्या दुकानातही थांबले. दुकानदार म्हणाला, संपलेत, उद्या येतील. उद्यावाल्यांनी त्याच्याकडे आपल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

कारखान्यात सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी काकांना खुर्ची दिली, एक शिट्टी हातात घेतली, गाठ निरखली.

"ही गाठ तुमचीच ना?"

"तीस वर्षं," काका म्हणाले.

सासूबाईंनी वहिनीकडे बघितलं. मग तिला स्वतःच्या हातानं चहा दिला. त्या चहाचा एकेक घोट गिळताना वहिनीला जे वाटलं ते तिनं पुढे कोणालाच सांगितलं नाही.

काकांचा मुक्काम शनिवारपर्यंत तळमजल्यावरच ठरला आणि तपासणी सुरू झाली. काका एका टोकाला, तपासणीस दुसऱ्या टोकाला. पण चाळिसाव्या शिट्टीला तपासणीस हसता हसता झोपली आणि सगळा भार पुन्हा काकांवर आला. वहिनीचा जीव खालीवर. पुन्हा एकच माणूस.

"काका, आम्हाला ऐकायला शिकवा," ती म्हणाली.

"कान लागतो त्याला."

"चौदा जणांचे मिळून अठ्ठावीस आहेत. त्यांतले दोन-चार तरी बरे निघतील."

चार निघाले. मास्तरांचा कान सगळ्यांत तिखट निघाला. कण्हणारी शिट्टी आली की ते मिशीत म्हणत, "हिची तब्येत बरी नाही," आणि बाजूला टाकत. गुरुवारपर्यंत तापाचे दोन सेल संपले, तिसरा शुक्रवारी दुपारपर्यंत पुरला, आणि त्याच संध्याकाळी उद्यावाले कानाच्या मशीनचे खरे सेल घेऊन स्वतः हजर झाले. त्यांचा उद्या अखेर आलेला पाहून मास्तरांनी काम थांबवलं आणि उठून उभे राहिले.

शुक्रवारी दिवे लागायच्या आत शेवटच्या पाणघोड्याचं पोट शिवून झालं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण वहिनी ती वहिनीच. शनिवारी सकाळी माल न्यायला तिनं एक टेंपो सांगितला होता. तो आला नाही तर म्हणून दुसरा. दोघांनी दगा दिला तर म्हणून तिसरा. दुधानं तोंड पोळलेल्या बाईनं ताक फुंकावं तशी. दहाच्या ठोक्याला तिन्ही टेंपो वेळेवर आले. असा चमत्कार त्या गल्लीनं पूर्वी पाहिला नव्हता. एक वरच्या तोंडातून शिरला, दोन खालच्या तोंडातून, आणि मध्यावर तिघे नाकाला नाक लावून उभे राहिले. मागे हटायला कोणी तयार नाही, कारण प्रत्येकाला सांगितलं होतं की काम तुझंच आहे. साडेअकरा वाजले. चालक खाली उतरून एकमेकांच्या घराण्यांची चौकशी करू लागले.

वहिनी पायरीवर मटकन बसली. "या वेळी मीच अडवलं," ती म्हणाली.

"तुझ्या तक्त्यात मी कुठल्या रंगात आहे?" नवऱ्यानं विचारलं.

"तू नाहीस. तू घरचा."

"मग बरं झालं. घरच्या माणसाची गाडी कोपऱ्यावर मोकळी उभी आहे."

कारखान्याच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत माणसं उभी राहिली. चौदा शिवणारे, तीन टेंपोवाले, हो-हो शेठ, उद्यावाले, टाय खिशात कोंबलेला टायवाला, शेजारपाजारचे चार हौशी. खोकी हातोहात टेंपोंच्या फटींतून पुढे सरकू लागली. प्रत्येक हात बदलताना खोकं किंचाळे. काका खुर्चीवर बसून डोळे मिटून ऐकत होते. मधेच एकदा त्यांनी हात वर केला.

"ते खोकं. त्यात एक कण्हतोय."

मास्तरांनी खोकं उघडलं. पन्नास पाणघोड्यांतला एक खरंच कण्हत होता. त्याला बाहेर काढलं, सासूबाईंनी जादाचा ठेवलेला एक आत घातला, आणि कण्हणारा तपासणीस बाईंच्या हाती दिला. तिनं तो मिठीत घेतला आणि आजतागायत सोडलेला नाही.

दोनला दहा मिनिटं कमी असताना गाडी गोदीच्या फाटकात पोचली. पहारेकऱ्यानं तपासणीसाठी एक खोकं दाबलं. मग दुसरंही दाबलं, त्याची गरज नव्हती. मग शिक्का मारला.

संध्याकाळी काकांना घरी पोचवायचं होतं. तीन मजले, लोखंडी जिना. हो-हो शेठ, उद्यावाले आणि टायवाला अशा तिघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. दर पायरीला भार कोणावर जास्त आला यावर वाद होत होता, पण कोणी हात सोडला नाही. पुढच्या आठवड्यापासून मास्तर आणि एक ताई तिथे गाठ शिकायला जाऊ लागले. काकांचं मत असं की मास्तरांचा कान बरा आहे, पण गाठ बैलाला बांधल्यासारखी येते. वर्ष लागेल.

दुकानाचं पत्र आलं, या वेळी जरा कमी गोड, आणि सोबत पुढच्या वर्षाची मागणी. चौदाही मशीनं उघडीच राहिली. वहिनीनं भिंतीवरचा जुना तक्ता काढला आणि नवा लावला. त्यात दोन रकाने वाढले आहेत. एक, कोण करतो. दुसरा, त्याला शेवटचं कधी भेटलो. दुसऱ्या रकान्यात फोन केलेला चालत नाही. नवऱ्याला पिवळ्यात घेतलं आहे.

आणि तक्त्याच्या तळाशी तिनं स्वतःच्या अक्षरात जे लिहिलं आहे, ते मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावतात, म्हणून तुम्हीही वाचा.

"हे वाचणाऱ्यास विनंती. ज्याच्या कामाचा बोभाटा कधी होत नाही, म्हणून ज्याचं नाव तुम्हाला पटकन आठवणार नाही, असं एक माणूस तुमचंही असेल. तुमची टोपली त्याच्या खिडकीतून येते. ती अधांतरी लोंबकळेपर्यंत थांबू नका. आज जमलं तर आज, नाही तर उद्या, पण खरा उद्या, त्याचा जिना चढा आणि दार वाजवा. आतून उत्तर आलं नाही तर परत फिरू नका, दार हलकेच ढकला. आणि जाताना सेल घेऊन जा."